पायाळू लेक, आईचं दुपटं आणि अकोल्याचा उन्हाळा

लेक मार्चमध्ये झाली आणि बाळंतपणाला मी माहेरी, अकोल्याला. ज्यांना अकोल्याचा एप्रिल माहितीये त्यांना पुढचं कळलंच असेल. बाहेर ४४ डिग्री, घरात कूलर घरघरतोय आणि आई पोरीला झबलं, त्यावर दुपटं, त्यावर अजून एक दुपटं, डोक्याला टोपडं, एवढं सगळं घालून गुंडाळतेय. चार दिवसांत मानेवर घामोळं.

पण न गुंडाळता झोपायचीच नाही ना ती! कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात फाकवून दचकायची, मग रडारड. आईचं लगेच सुरू, "भेली असन पोरगी, थांब दृष्ट काढतो." मीठ-मोहऱ्या रोज ओवाळून झाल्या. डॉक्टर म्हणाले याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, नवजात बाळाला असतोच, साधारण चार ते सहा महिन्यांत जातो, आणि हात अंगाशी धरून ठेवले तर त्या दचक्याने जाग येत नाही. म्हणजे गुंडाळण्याचं कारण एवढंच, पोटातल्यासारखी ऊब वगैरे नंतर. ऊब तर अकोल्यात फुकटच होती.

खरी भांडणं झाली पायांवरून. मालिशवाल्या मावशी आंघोळ घालून झाली की दोन्ही पाय ओढून सरळ करायच्या आणि कमरेपासून टाचेपर्यंत असं करकचून बांधायच्या की पोरगी म्हणजे लाटलेली वळकटी. "पाय सरके नाही बांधले त पोरगी फेंगडी चालन ना बाई!" आता गंमत अशी की माझी लेक पायाळू. म्हणजे पोटात शेवटपर्यंत डोकं वर, म्हणूनच सिझर झालं. (पायाळू म्हटल्यावर शेजारच्या काकांनी 'मोठी झाली की उसण भरल्यावर हिच्याकडूनच लाथ मारून घेऊ' असं बुकिंग पण करून टाकलं.) पायाळू, त्यात मुलगी, त्यात पहिलीच, म्हणजे खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसलेला नसण्याची शक्यता जास्त, म्हणून सहा आठवड्यांनी खुब्याची सोनोग्राफी सांगितली होती आणि तोपर्यंत पाय अजिबात सरळ बांधायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बेडकासारखे, गुडघ्यात वाकलेले आणि बाहेर फाकलेले, तेच बरोबर. आणि बाळाचे पाय सुरुवातीला वाकडे असतातच, दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात, बांधून काही होत नाही.

रात्री पाजता पाजता फोनवर वाचलं की जपानमध्ये पूर्वी असेच पाय लांब करून बांधायचे आणि १९७५ च्या सुमारास ते बंद करायची मोहीम काढली तर खुब्याच्या केसेस खूपच कमी झाल्या. सकाळी आईला सांगितलं. आई म्हणाली, "जपानचं सोड, तुले असंच बांधलं होतं, काय झालं तुले?" यावर काय बोलणार. शेवटी मावशींना सांगून टाकलं की मालिश तुमची, आंघोळ तुमची, गुंडाळणार मी. दोन दिवस घुश्श्यात होत्या.

मग माझी पद्धत बसली. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं दुपटं, मीटरभर चौकोनी. (मैत्रिणीने चेनवालं महागडं स्वॅडल पाठवलेलं, ते दोनदा वापरलं, त्या कापडात पोरीला घाम फार यायचा.) ते शंकरपाळ्यासारखं अंथरायचं, वरचं टोक आत दुमडायचं, त्या घडीवर खांदे. एक हात अंगाशी धरून एक बाजू ओढून पाठीखाली खोचायची, खालचं टोक सैल वर आणायचं, त्या पिशवीत पाय हवे तसे झाडता आले पाहिजेत, मग दुसरी बाजू. छातीपाशी आपली दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. आत फक्त लंगोट, टोपडं नाही, वर पांघरूण नाही, आणि झोपवायचं पाठीवरच. गरम होतंय का हे हातपाय बघून कळत नाही, ते गारच असतात, मानेच्या मागे हात लावून बघायचं. आणि हो, हात आत असले की भूक लागल्यावर मूठ चोखताना दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीला मी घड्याळ लावून उठवून पाजायचे.

सोनोग्राफी नॉर्मल आली. आईने त्याचं श्रेय गजानन महाराजांना दिलं, मी काही बोलले नाही.

जूनच्या शेवटी पुण्यात आलो आणि एका दुपारी बघते तर बाईसाहेब गुंडाळलेल्या अवस्थेतच कुशीवर. पोटात गोळाच आला. हात बांधलेले असताना पालथी पडली तर तोंड वर करायला जोर कशाचा लावणार? बाळ वळायला बघतंय असं दिसलं की गुंडाळणं बंद, हे माहीत होतं, पण ते इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं, सव्वातीन महिन्यांची होती फक्त. एकेक हात बाहेर काढून हळूहळू सवय मोडतात म्हणे, मी त्या रात्रीच दुपटं बंद केलं. पहिल्या रात्री सात वेळा उठली. दुसऱ्या रात्री नऊ. नवरा म्हणाला आजच्या दिवस गुंडाळ, मी म्हटलं तू ऑफिसला जाऊन झोप. पाचव्या रात्री तिला स्वतःचा अंगठा सापडला आणि सलग चार तास झोपली. मी मात्र दर अर्ध्या तासाने उठून श्वास बघत होते.