पॅलेटला एका रात्रीत पोट सुटलं

माल रचून फोर्कलिफ्टने उचलायचं प्लॅस्टिकचं पॅलेट म्हणजे काय तर जाळीचा पाट आणि खाली तीन पट्ट्या, त्यात डिझाइन ते काय करायचं, असं मलापण वाटायचं. मग 1200 बाय 1000 मिमीचं, रॅकवर चालणारं पॅलेट ड्रॉइंगपासून टेस्ट पास होईपर्यंत नेण्याचं काम गळ्यात पडलं आणि सगळी हवा निघाली.

गिऱ्हाइकाला लाकूड नकोच होतं. माल परदेशात जाणार, लाकूड वापरायचं तर आयएसपीएम 15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते आतपर्यंत 56 डिग्रीला 30 मिनिटं तापवायचं, शिक्का मारायचा, प्लॅस्टिकला यातलं काही लागत नाही. मटेरियल एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन) घेतलं, कारण माल कोल्ड स्टोअरमध्येही जाणार होता आणि साधं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ताठ असलं तरी थंडीत फोर्कलिफ्टचा काटा लागला की तडकतं.

पहिली ट्रायल. डाय (म्हणजे साचा) उघडली, रोबोटने डेक, म्हणजे पॅलेटचा वरचा पाट, उचलून टेबलावर ठेवला, हात लावला तर चांगलाच गरम, पण दिसायला एकदम सरळ. मी खूश. तासाभराने येऊन बघतो तर चारही कोपरे खाली, मधला भाग वर, उलटी परातच जणू. एचडीपीई गार होताना साधारण दीड ते तीन टक्के आकसतं, 2 टक्के धरले तरी 1200 मिमीला 24 मिमी होतात, तेवढी डाय मोठी केलेली असतेच. घोळ होतो दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने गार झाल्या की. खालच्या बाजूला रिबांचं, म्हणजे ताठपणासाठीच्या उभ्या पट्ट्यांचं, जंगल, तिथली उष्णता अडकून राहते, ती बाजू उशिरा आणि जास्त आकसते आणि पॅलेटला खाली ओढते. मी लगेच रिबा जाड करू म्हणालो, तर मशीनवरचे काका हसले, "साहेब, जाड केल्या तर अजून उशिरा गार होतील की." बरोबर होतं त्यांचं. शेवटी रिबांच्या बाजूला जास्त गार पाणी, वरच्या बाजूला थोडं कोमट आणि कूलिंग टाइम वाढवला, मग बाक बऱ्यापैकी गेला. आणि हो, माप दुसऱ्या दिवशी घ्यायचं, गरम पॅलेटवर टेप लावून खूश व्हायचं नाही.

पण खरी जिरली ती रॅक टेस्टला. जमिनीवर ठेवलेलं पॅलेट खालून सगळीकडे टेकलेलं असतं, त्यामुळे चार टन बसले तरी कुरकुरत नाही. फोर्कलिफ्टवर दोन काट्यांचा आधार, तिथे आकडा निम्म्याहून खाली येतो. रॅकमध्ये मात्र फक्त दोन कडांना बीम आणि मधे नुसती हवा. आम्ही 1000 किलो लादले, मधोमध खाली किती वाकलं ते काट्यावर दाखवणारा डायल गेज लावला, 13 मिमी झोल आला, चालतंय म्हणून चहा प्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा 22 वर, आणि अजून सरकतोय! वजन तेवढंच, कुणी हात लावलेला नाही. तेवढ्याच वजनाखाली हळूहळू वाकत जाणं, याला क्रीप म्हणतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण काटा डोळ्यांसमोर सरकताना बघितला तेव्हा कुठे ते डोक्यात शिरलं. वर हे सगळं साध्या हवेत, गोदाम तापलं तर एचडीपीई अजून मऊ.

रिबा वाढवून थोडंफारच सुटलं असतं म्हणून एका बीमपासून दुसऱ्यापर्यंत जातील असे चौकोनी स्टीलचे पाइप आत घातले. आणि इथे मी स्वतः माती खाल्ली. पाइप खडखडू नये म्हणून खाचेत एकदम टाइट लांबीचे कापायला सांगितले. पॅलेट कोल्ड रूममध्ये ठेवलं आणि टोकाची झाकणं फटाफट उडाली, एका ठिकाणी कोपरा चिरला. प्लॅस्टिक स्टीलच्या दहापटीहून जास्त आकसतं, 50 डिग्री खाली गेलं की एवढ्या लांबीला आठ-नऊ मिमी सहज, पाइप बिचारा जेमतेम अर्धा-पाऊण मिमी. मग पाइप 12 मिमी आखूड केला आणि खडखड थांबायला मधे एक रबराचा तुकडा दाबला. बास.

पाइपवाल्याचा काटा 8 वर गेला आणि दुसऱ्या दिवशी 9 च्या आसपास थांबला. कोपऱ्यावर आपटायची टेस्ट वगैरे पहिल्याच फेरीत पास, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एक गंमत राहिलीच. 'रॅक 1000 किलो' हा आकडा मी पहिल्या ट्रायलच्या आधीच हौसेने डायवर कोरून घेतला होता, म्हणजे बिनपाइपचं पॅलेट काढलं तरी त्यावर तोच आकडा उमटणार. आता तो भाग कापून तिथे बदलता येणारा इन्सर्ट बसवलाय, पाइपवाल्याला 1000 आणि बिनपाइपवाल्याला 'रॅकसाठी नाही'.