अप्पांच्या सीपॅप मशीनचा कार्ड स्लॉट

अप्पांचं सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं यंत्र, सरळ बंद पडलं असतं तर त्याच रात्री कळलं असतं. पण मेमरी कार्डाचा स्लॉट गेला म्हणून मशीन थांबत नाही. मोटर फिरते, हवा येते, मास्क लावून माणूस झोपतो. थांबते ती फक्त नोंद. ती थांबली आहे हे आम्हाला कळलं तपासणीच्या दिवशी, डॉक्टरांच्या टेबलाशी. कार्ड लॅपटॉपला लावून त्या म्हणाल्या, "यात दिवाळीनंतरचं काहीच दिसत नाही. अप्पा, मशीन लावता ना रोज?" अप्पांचा पारा चढला. वर्षभर एक रात्र न चुकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न म्हणजे हजेरीपटात गैरहजर मांडल्यासारखं होतं.

खरं कारण सकाळीच माझ्या हातात आलं होतं. मशीन विकणाऱ्याच्या माणसाने मागच्या भेटीत मूळ कार्ड स्वतःबरोबर नेलं होतं आणि त्याजागी अडॅप्टरमध्ये बसवलेलं मायक्रोएसडी घालून गेला होता. ते काढायला गेले तर अडॅप्टरचे दोन पापुद्रे सुटले. मायक्रोएसडी आणि खालची पट्टी बाहेर आली, वरची आतच राहिली. पुढे कोणतंही कार्ड घातलं की ते अर्धं जाऊन अडायचं. 'टक्' असा आवाज नाही, स्प्रिंगची पकड नाही.

ज्यांच्या घरी हे मशीन नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अप्पांना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो आणि मेंदू दचकून जागा करतो. तासाला असं किती वेळा होतं त्याला एएचआय म्हणतात. पाचच्या आत असला तर ठीक, तीसच्या वर तीव्र. अप्पांचा स्लीप स्टडीत ३८ आला होता. मशीन नाकावाटे हलक्या दाबाची हवा सोडून तो मार्ग उघडा ठेवतं. कार्डावर रात्रभराचा दाब, मास्कमधून होणारी गळती आणि अडलेले श्वास लिहिले जातात. आमच्या मशीनच्या पडद्यावर सकाळी एक आकडा आणि एक हसरा चेहरा येतो, पण त्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. त्यांना आलेख लागतो.

वॉरंटी संपली होती. विक्रेत्याचं उत्तर फोनवरच मिळालं: स्लॉट सुटा मिळत नाही, मेन बोर्ड बदलावा लागेल, बोर्ड बाहेरून मागवावा लागेल. किंमत नव्या मशीनच्या जवळपास निम्मी. म्हणजे बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या एका पत्र्याच्या डबीसाठी. ग्राहक व्यवहार विभागाचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, तिथेही बघितलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं अशी त्याची चार क्षेत्रं. वैद्यकीय उपकरणांना वेगळी जागा नाही. एक प्रकारे ते समजण्यासारखं आहे. ट्रॅक्टर चुकीचा दुरुस्त झाला तर शेतात उभा राहतो. हे यंत्र रात्री माणसाच्या नाकाला जोडलेलं असतं.

म्हणून आधी मनाशी एक रेषा आखली. मोटर, हवेचा मार्ग, त्यातला फोम, सीलं यांना हात लावायचा नाही. जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून लाखो मशीन परत मागवली होती, ते डोक्यात होतं. स्लॉट मात्र फक्त नोंदीचा. तो उघडून बघायला काय हरकत आहे? डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा, पण मशीन परत सुरू करण्याआधी दाब मोजून मला सांगायचा. आणि तोवर अप्पांना मशीनशिवाय झोपवायचं नाही." पुण्यात सीपॅप भाड्याने मिळतं. त्याच दाबावर लावलेलं भाड्याचं मशीन घरी आणलं, आणि अप्पांनी त्याला पहिल्याच रात्री नावं ठेवली.

खोलण्याआधी आमच्या मशीनच्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढले: मोड, किमान आणि कमाल दाब, रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू चढवण्याची सोय), उच्छ्वासाच्या वेळी दाब किती उतरतो, हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरची पातळी. पाण्याची टाकी बाजूला केली. ओलं भांडं जोडलेलं ठेवून मशीन उलटं केलं तर पाणी थेट मोटरमध्ये जातं. आमच्या मशीनचा विजेचा अडॅप्टर बाहेर आहे, आत फक्त २४ व्होल्ट डीसी येतं. ज्यांच्या मशीनमध्ये वायर थेट भिंतीतून आत जाते त्यांनी झाकण उघडायच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे.

झाकणाला स्टार स्क्रू होते, दोन रबरी पायांखाली लपलेले. आत पातळ पट्टीच्या केबली. त्या ओढायच्या नसतात. कनेक्टरवरची नखाएवढी काळी पट्टी उचलली की केबल आपोआप सैल होते. बोर्ड सुटला, भिंगाखाली धरला आणि चिमट्याने अडॅप्टरचा तुकडा बाहेर आला. त्याबरोबर दुखणंही दिसलं.

एसडी कार्डाला नऊ संपर्कपट्ट्या असतात आणि स्लॉटमध्ये त्यांच्यासमोर नऊ स्प्रिंगदार पाय. त्यातले पाचवा आणि सहावा वाकून मागे दुमडले होते. पाचवा क्लॉकचा, सहावा ग्राउंडचा. क्लॉक नसेल तर कार्ड मुकंच राहणार. पण मला जास्त भीती वाटली ती चौथ्याची. तो ३.३ व्होल्ट पुरवठ्याचा, आणि वाकलेला पाचवा त्याच्यापासून केसभर अंतरावर होता. आणखी जोर लावून एखादं कार्ड कोंबलं असतं तर पुरवठा पाचव्यामधून सहाव्याला, म्हणजे ग्राउंडला टेकून बोर्डच गेला असता, मग विक्रेत्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. तुमचा स्लॉट असा अडत असेल तर 'दुसरं कार्ड घालून बघू' हा मोह आवरा. आधी टॉर्च मारून आत बघा.

सुईने पाय सरळ करून पाहिले. दिसायला झाले सरळ. कार्ड बसलं, मल्टिमीटरने जोडही दाखवला, पण कार्ड दोनदा आतबाहेर केल्यावर पुन्हा गप्प. या पायांचं काम स्प्रिंगचं असतं. पत्रा एकदा घडी पडेपर्यंत वाकला की त्यातला ताण जातो. तो सुईने परत येत नाही. स्लॉटच बदलावा लागणार होता.

आणि इथे माझी आखलेली रेषा हलली. बोर्ड उलटा केला तर स्लॉटपासून दोन बोटांवर एक छोटी चौकोनी चिप होती, वर दोन बारीक नळ्या जोडायची टोकं असलेली. ते दाबाचं सेन्सर. मशीन हवा किती सोडायची ते याच्या सांगण्यावर ठरवतं. म्हणजे नोंदीचा भाग वेगळा आणि श्वासाचा वेगळा, हे कागदावर खरं. बोर्डावर दोघे शेजारी. स्लॉट काढायला मोबाइलवाले वापरतात तसा हॉट एअरचा ब्लोअर मारला तर सेन्सरलाही ती झळ लागणार. सेन्सर बंद पडला तर मशीन तक्रार तरी करेल. पण त्याचं मोजमाप थोडंसंच सरकलं तर? पडद्यावर दाब दहा आणि नाकात सात.

बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं काय मिळत नाही ते विचारावं. पहिल्या दुकानदाराने 'पेशंटचं मशीन आहे' एवढं ऐकून बोर्ड परत केला. त्याचा मला राग आला नाही. पुढच्या एका टपरीवजा दुकानात एक विशीतला मुलगा मायक्रोस्कोपला डोळे लावून बसला होता. त्याने बोर्ड बघितला आणि विचारलं, "ताई, जुना स्लॉट परत पाहिजे का?"

"नको रे, गेलाय तो."

"मग ब्लोअर कशाला मारायचा? कापून काढू."

सेन्सरची माझी सगळी चिंता त्याने एका वाक्यात सोडवली. मोबाइलच्या कामात जुना भागही बहुतेक वाचवायचा असतो, म्हणून सगळे पाय एकदम वितळवायला गरम हवा लागते. इथे तशी गरजच नव्हती. त्याने बारीक निपरने पत्र्याचं कवच तुकड्या-तुकड्याने कापलं, पाय एकेक करून सोल्डरिंग आयर्नने उचलले आणि सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विकने पॅड साफ केले. सेन्सरवर तरी उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप लावलीच.

अडलं ते नव्या स्लॉटपाशी. त्याच्या डबीतला एक स्लॉट मापाला अगदी बसत होता, जुन्या डिजिटल फोटो फ्रेममधून काढलेला. पण एसडी स्लॉटमध्ये नऊ पायांखेरीज एक छोटा स्विच असतो, कार्ड आत आहे की नाही ते सांगणारा. मी जुन्या स्लॉटचा स्विच घरीच तपासून ठेवला होता: कार्ड आत गेलं की जोडला जाणारा. या स्लॉटचा उलटा निघाला, कार्ड आत गेलं की तुटणारा. लावला असता तर रिकाम्या मशीनला कार्ड आहे असं वाटलं असतं आणि कार्ड घातल्यावर नाही असं. बाहेरून दोन्ही स्लॉट जुळे भाऊ. मोजमापाच्या आराखड्यावरून योग्य स्लॉट ऑनलाइन मागवला. स्विचचा प्रकार, कार्ड दाबून बसवायचं आणि दाबूनच काढायचं हा प्रकार, चार कोपऱ्यांतल्या टेकूंची जागा, सगळं ताडून. तो आल्यावर त्याच मुलाने आधी टेकू सोल्डर केले आणि मग पाय. कार्ड काढता-घालताना सगळा जोर त्या चार टेकूंवर येतो, असं तो म्हणाला. मजुरी मागितली ती इतकी कमी की मी वाद न घालता जास्त दिली.

घरी बोर्ड बसवला. सेन्सरच्या दोन नळ्या अदलाबदल होऊ नयेत म्हणून खोलतानाच एकीला दोरा बांधून ठेवला होता. आता राहिली डॉक्टरांची अट.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा भाग माझ्या आवडीचा. सीपॅपचा दाब सेंटिमीटर पाण्यात सांगतात, आणि तो मोजायला खरोखरच पाणी आणि पट्टी पुरते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली यू नळी आणली, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरलं. मास्कच्या अलीकडे टी जोड लावून त्याची बारीक नळी यू नळीच्या एका तोंडाला जोडली. यू नळी मशीनपेक्षा बरीच खाली ठेवायची, म्हणजे पाणी उलटं चढायची भीती नाही. मास्कचं नाकाकडचं तोंड तळहाताने बंद, पण उच्छ्वास बाहेर जाण्याची भोकं मोकळी; ती नेहमी तशीच असतात. मशीन ऑटोवरून काढून ठरावीक दाबावर टाकलं. दहावर एका बाजूचं पाणी पाच सेंटिमीटर उतरलं, दुसऱ्या बाजूचं पाच चढलं. फरक दहा. मग सहावर, मग चौदावर. पट्टीवर दोन-तीन मिलिमीटरचं इकडेतिकडे. रक्तदाबाच्या भाषेत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे जेमतेम साडेसात मिलिमीटर पारा. एवढ्याशा दाबावर अप्पांची रात्र उभी आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय पहिल्यांदा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हा त्यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. त्यांनीही दाब असाच पाण्यावर पाहिला असेल असं मला उगाच वाटतं.

आकडे डॉक्टरांना पाठवले. हो आल्यावरच भाड्याचं मशीन परत केलं.

कार्ड या वेळी पूर्ण आकाराचं एसडी घेतलं, अडॅप्टर नाही. १६ जीबीचं. ४ ते ३२ जीबीची कार्डं फाइल मांडायच्या फॅट३२ पद्धतीची येतात, तीच बरीचशी मशीन ओळखतात. ६४ आणि पुढची एक्सफॅटची असतात आणि नवीकोरी असूनही त्रुटी दाखवतात. कार्डाच्या बाजूची लॉकची खिट्टी वर असावी. लॅपटॉपला लावण्याआधी ती खाली करते, म्हणजे संगणक कार्डावर स्वतःचं काही लिहीत नाही. परत घालताना वर.

पहिल्या काही रात्रींची नोंद मी ऑस्कर या मोफत, मुक्त स्रोत प्रणालीत उघडली. उपचार ठरवण्यासाठी ती नाही, असं ती बनवणारेच स्पष्ट सांगतात. पण बघायला उत्तम. पडद्यावरचा हसरा चेहरा रोज येत होता, आणि आलेखात एएचआय ११. रात्री दोनपर्यंत सगळं शांत, त्यानंतर गळतीची रेघ डोंगरासारखी वर आणि तिच्या पाठोपाठ अडलेले श्वास. डॉक्टरांनी तो आलेख बघून दाबाला हातही लावला नाही. अप्पांना विचारलं, "दोन वाजता उठता का?" उठतात, बाथरूमला. परत येऊन अंधारात मास्क चढवतात, पट्टा एका बाजूने सैल राहतो, आणि मास्कची नाकाला टेकणारी सिलिकॉनची उशी जुनी होऊन चपटी झालेली. नवी उशी लावली, पट्ट्यावर कुठवर ओढायचं तिथे बोटाला लागेल असा टाका घातला.

आता एएचआय तीन-चारच्या घरात आहे. अप्पांची मागणी आहे की आलेख त्यांनाही दाखवावा, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरांनी 'मशीन लावता ना' विचारलं तर पुरावा खिशात असेल.