तुम्ही विचारलंत म्हणून: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, सायकलवरून

"दहा आणि तेरा वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई, आणि सायकलवरून कोकणातली देवदर्शनं? हे ठरवलंत तरी कसं?" जानेवारीत जाऊन आलो तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी, लग्नकार्यात हाच प्रश्न भेटतो. म्हणून एकदा नीट सांगते.

आमची आधी तिथी ठरली, अंतर नंतर. आईंना, म्हणजे सासूबाईंना, संकष्टीला पुळ्यात, म्हणजे गणपतीपुळ्याला, दर्शन हवं होतं. सायकलचे सहा दिवस मागे मोजले, तर हरिहरेश्वरचा मुक्काम त्रयोदशीला येत होता. तिथली प्रदक्षिणा समुद्राला लागून, खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करायची, भरतीत त्या वाटेवर जीव गेलेत. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. तेरा पाऊणे पावणेदहा. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की चारच्या सुमाराला ओहोटी. तरी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं, देवळातही विचारलं आणि मगच पायऱ्या उतरलो. आईंचा हात मुलाने धरला होता.

दुसऱ्या दिवशी सायकली निघाल्या. आई आणि सामान दिरांच्या गाडीत, आम्ही चौघं सायकलवर. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं हेही मुद्दाम. हिवाळ्यात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तो तोंडावर येत नाही. दिवसाला तीसेक किलोमीटर, सकाळी उजाडताच सुरुवात. मुक्काम केळशी, दापोलीजवळचं मुरुड, दाभोळ, गुहागर, हेदवी आणि पुळं.

पण किलोमीटरवर विसंबू नका, खाड्या मोजा. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तिन्ही नद्यांच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात: बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. बोटीत मुलं खूश. मात्र प्रत्येक वेळी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, पाण्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. उतारावर मुलांचे ब्रेक तापतात, म्हणून थांबत थांबत उतरायचं, आणि निघण्याआधी ब्रेकचे रबर बदलून घ्यायचे. एवढं एक तरी ऐकाच.

धोपाव्याला बोटीची फळी ओली होती. सायकली हातात धरून उतरलो. समोर चढ. आमचा नियम असा की सगळ्यात लहान पुढे, तिला कुणी मागे टाकायचं नाही. दोन वळणांनंतर लेक उतरली आणि सायकल ढकलू लागली. तिचा बाबा पुढे सरसावला तर म्हणाली, "नको, मी खांब मोजतेय." विजेचा एक खांब आला की थांबायचं, पाण्याचा एक घोट घ्यायचा, ओले तळवे कुडत्याला पुसायचे, आणि पुढचा खांब. अकराव्या खांबाशी सडा लागला. ती काही बोलली नाही, सायकलवर बसली आणि निघाली. मला भरून आलं.

त्याआधी, केळशीहून मुरुडच्या वाटेवर, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाताना मात्र सायकली खाली गावात ठेवल्या आणि पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, चढलो. उजव्या सोंडेचा गणपती. देव आधी समुद्रकाठी होता आणि तिथून कड्यावर गेला, असं सांगतात. वाटेतल्या खडकातलं त्याचं पाऊल मुलाने चवड्यांवर बसून कितीतरी वेळ पाहिलं.

रोज संध्याकाळी एक काम चुकवलं नाही. खाऱ्या हवेने साखळी गंजते, म्हणून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब. ते मुलाकडे होतं.

संकष्टीला दुपारी पुळ्यात पोचलो. आईंनी दर्शन घेतलं. डोंगराची प्रदक्षिणा त्यांनी लेकीसोबत चालत केली, कुठेही न बसता. रात्री चंद्रोदयाआधीच लेक झोपली. आईंनी चंद्र पाहून उपास सोडला आणि तिच्यासाठी एक मोदक वाटीखाली झाकून ठेवला.