ज्या रात्री सीडलिंगना पाणी दिलं नाही

मार्चचा मधला आठवडा होता. ब्लूबेरीच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवून झालेल्या, निम्मी झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली, आणि दुपारी जेवताना मोबाईलवर फ्रीझ वॉर्निंग आला. पहाटे मायनस तीन, सखल भागात मायनस चार. त्यात मध्यरात्रीपर्यंत वारा, तोही कोरडा. आमचा फार्म मॅनेजर ताटावरून उठला तो थेट पंपाकडेच गेला.

मी फ्लोरिडात एका ब्लूबेरी ब्रीडिंग प्रोग्राममध्ये, म्हणजे नवे वाण काढायच्या कामात आहे. मूळचा निफाडचा, घरची द्राक्षबाग. फ्लोरिडा म्हटलं की लोकांना समुद्र आणि डिस्नी दिसतं, इथं बर्फ कुठला असं सगळेच विचारतात. तर उत्तर आणि मध्य फ्लोरिडात हिवाळ्यात अधूनमधून पारा शून्याखाली जातो, आणि तो नेमका जाऊ नये तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चला फुलोऱ्यात गेला तर वर्षाचं वाटोळं.

आता मुळात इथं ब्लूबेरी लावायचा उद्योग कशाला, हे सांगायला हवं. हे फळ थंडीतलं. न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९११ पासून जंगली झुडपं गोळा करून ती बागेत आणली आणि १९१६ ला पहिलं पीक विकलं. त्या उत्तरेकडच्या जातीला डोळे फुटायला हिवाळ्यात ७ डिग्रीखालचे ८०० ते १००० तास लागतात, आम्ही त्याला चिलिंग अवर्स म्हणतो. तेवढी थंडी फ्लोरिडात कुठून आणणार? मग १९५० च्या आसपास राल्फ शार्प यांनी फ्लोरिडा विद्यापीठात इथल्या पाइनच्या रानातलं एक खुरटं जंगली झुडूप पकडलं, व्हॅक्सिनियम डॅरोवाय. गुडघ्याएवढी उंची, बारीक निळसर पानं, ती हिवाळ्यातही न गाळणारं, फळ मटाराहून लहान. खायला द्यायची पण लाज वाटेल असलं. पण थोड्याशा थंडीवर भागवायचा आणि उकाडा सहन करायचा गुण त्याच्यात ठासून भरलेला. अडचण अशी की त्याच्यात गुणसूत्रांचे दोन संच आणि बागेतल्या ब्लूबेरीत चार, त्यामुळे दोघांचा क्रॉस, म्हणजे संकर, सहसा लागतच नाही. पण काही झाडं परागकण किंवा बीजांड बनवताना संच निम्मा करायचं विसरतात, आणि अशाच एका झाडाचा, फ्लोरिडा फोर-बी, पुढं अमेरिकी कृषी खात्याच्या ब्रीडिंगमध्ये भरपूर वापर झाला. आज जगभर उष्ण भागात जी सदर्न हायबुश नावाची ब्लूबेरी लावतात तिच्यात या खुरट्या झुडपाचं रक्त आहे. पेरूच्या वाळवंटात जो बिलॉक्सी वाण एवढा पसरला तोही याच गटातला, अमेरिकी कृषी खात्याने मिसिसिपीत काढलेला.

आणि हे सगळं कशासाठी, तर एप्रिलसाठी. चिलीचा माल संपत आलेला असतो, जॉर्जियाचा अजून यायचा असतो, मधल्या काही आठवड्यांत भाव चढा. हल्ली मेक्सिकोने त्यात हात घातलाय तो भाग वेगळा. त्यामुळे शेतकरी भेटला की एकच मागणी, लवकर येणारा वाण द्या. द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही, बाग लवकर छाटून चढा भाव गाठायचा, अर्ली छाटणीचा जुगार तोच आहे. औषधसुद्धा तेच, ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्याकडे ज्या डॉर्मेक्सची पेस्टिंग करतात तेच हायड्रोजन सायनामाइड इथं ब्लूबेरीवर फवारतात डोळे एकसाथ फुटायला. (आणि ते मारल्यावर काही दिवस दारूला शिवायचं नाही, हेही दोन्हीकडे सारखंच.)

पण लवकर फळ हवं म्हणून लवकर फुलणारं झाड निवडलं की ते झाड थंडीच्या तोंडी जातं. हीच या धंद्यातली खरी गोम.

तर त्या संध्याकाळी मीटिंग झाली ती पंपाशेजारी उभ्यानेच. ब्लूबेरी वाचवायची पद्धत म्हणजे वरून स्प्रिंकलर. ऐकायला वेडेपणा वाटतो, थंडीत झाडावर पाणी मारायचं आणि बर्फ होऊ द्यायचा. पण पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, आणि जोवर नवं पाणी पडत गोठत राहतं तोवर आतलं फूल शून्याच्या आसपास टिकतं, उघडं फूल साधारण मायनस दोनला मरतं, म्हणजे तेवढ्यात वाचतं. पण हवा कोरडी असून वारा सुटला की तेच पाणी गोठायच्या आधी उडायला लागतं, आणि उडताना ग्रॅममागे ६०० च्या घरात कॅलरी ओढून नेतं. म्हणजे एक ग्रॅम उडालं तर साडेसात ग्रॅम गोठल्याची कमाई गेली. अशा वेळी अर्धवट पाणी देण्यापेक्षा न दिलेलं बरं. आणि एकदा चालू केलं की मध्ये बंद करायचं नाही, सकाळी बर्फ आपोआप सुटून पडेपर्यंत.

तासाला पाव इंच पाणी, सगळ्या शेतावर, रात्रभर, हे आमच्या पंपाच्या आवाक्यात नव्हतंच. आणि पाणी उपसायलाही मर्यादा आहेत. २०१० च्या जानेवारीत इथल्याच प्लांट सिटीकडे स्ट्रॉबेरीवाल्यांनी सलग थंडीत इतकं पाणी उपसलं की भूजल खाली गेलं आणि ठिकठिकाणी जमीन खचून खड्डे पडले, रस्त्यांत, घरांच्या आवारात. तेव्हापासून सगळे जरा दबकून असतात.

बॉसने शेताचा नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पेनने रेघ मारली. पुढच्या टप्प्यातल्या चाचण्या आणि पेरेंट झाडं, म्हणजे ज्यांच्यापासून क्रॉस करायचे ती, यांना पाणी. सीडलिंगचा, म्हणजे बियांपासूनच्या नव्या रोपांचा ब्लॉक, नाही.

तो ब्लॉक माझ्याकडे होता. हजारो रोपं, दाट लावलेली, आणि प्रत्येक वेगळं, कारण प्रत्येक एकेका बीपासून. ग्रीनहाऊसमध्ये फुलाची पाकळी चिमट्याने ओढून काढायची, दुसऱ्या झाडाचं फूल नखावर टिचकी मारून झाडायचं, नखावर जो पिवळा भुगा पडेल त्याच्यावर स्त्रीकेसराचं टोक टेकवायचं, असं करून केलेले क्रॉस. त्यांचा तो पहिलाच फुलोरा. आणि माझ्या शीटवर लवकर फुललेल्या रोपांपुढे हिरव्या पेनने खुणा, काहींवर तर बारीक हिरवी फळंसुद्धा धरलेली. मी म्हटलं, निदान खुणा केलेल्यांवर रात्री कापड टाकतो. बॉस म्हणाला, "नको. मला बघायचंय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू.

रात्र पंपावरच गेली. वारा साडेबाराला पडला आणि मग मॅनेजरने पाणी सोडलं, तोपर्यंत तो ओल्या फडक्याचा थर्मामीटर घेऊन दर दहा मिनिटांनी बाहेर-आत करत होता. कोरड्या थर्मामीटरवर नाही, ओल्यावर विश्वास ठेवायचा, कारण फुलाला ओलं झाल्यावर तेवढंच तापमान मिळणार. नंतर आमचं काम एवढंच, टॉर्च घेऊन फिरायचं आणि जो नोझल गोठून फिरायचा थांबलाय त्याला काठीने ठोकायचं. रेनकोटवर बर्फाचा पापुद्रा चढतो, कोपर वाकवला की कडकड वाजतो.

त्यातच निफाडहून काकांचा फोन, तिकडे सकाळ. निफाडला थंडीची कौतुकं नाहीत, डिसेंबर-जानेवारीत राज्यातला नीचांक आमच्याकडेच असतो बऱ्याचदा, मणी तडकू नये म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडतात.

"अरे शेकोट्या लाव ना मग चारी बाजूला."

"काका, इथं वारा होता हो, धूर टिकला नसता. पाणी मारतोय."

"वरून? थंडीत?" थोडा वेळ शांत. "तुमचा साहेब बरा आहे ना डोक्याने?"

सकाळी सीडलिंगच्या ब्लॉकमध्ये गेलो तेव्हा पहिल्यांदा तर वाटलं, काहीच झालं नाही. फुलं पांढरी शुभ्र, उन्हात चकाकत होती. पण पाकळीवर जायचं नसतं. नऊ-दहापर्यंत ऊन चढू द्यावं लागतं, मग फूल तोडून ब्लेडने उभं चिरायचं. आतली बीजांडं हिरवट-पांढरी असली तर जिवंत. मेलेलं असलं तर तिथं तपकिरी, पाण्यात भिजल्यासारखा डाग, आणि मधली काडीही तपकिरी. बाहेरून दोघांत काडीचा फरक नाही. मी हिरव्या खुणेच्या पहिल्या रोपाची फुलं चिरली, सगळी तपकिरी. दुसऱ्याची, तिसऱ्याची तेच. आणि धरलेली फळं तर फुलाहून नाजूक, ती अंगठ्याने दाबली की मऊ, आत काळी. ओळ संपेपर्यंत अंगठ्याचं नख काळं झालं होतं.

बॉस मागून येत होता, स्वतःचं ब्लेड घेऊन. न बोलता. मध्येच एका रोपापाशी थांबला ज्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं, कारण त्याचं एकही फूल उघडलेलं नव्हतं, सगळ्या कळ्या घट्ट, टोकाला गुलाबी. घट्ट कळी मायनस चार बहुतेकदा काढते, म्हणून ती जिवंत होती यात नवल नाही. त्याने कळी चिरली पण नाही. तो पानं बघत होता. शेजारची सगळी रोपं फुलांनी भरलेली पण नागडी, पान नाही, आणि या पठ्ठ्याला फुलाच्या आधी बोटभर पानं आलेली.

"याच्यावर फीत बांध," म्हणाला. फीत म्हणजे झाड निवडलं.

त्यामागचं गणित मला त्या रात्रीपर्यंत पुस्तकातून माहीत होतं, अंगात भिनलं नव्हतं. फळ कधी पिकणार हे फूल कधी उघडलं यावर असतं, पण तेवढ्यावरच नाही, फुलापासून फळापर्यंत किती वेळ लागतो यावरही असतं, आणि तो काळ झाडागणिक बदलतो. फळाला साखर पान देतं. पान नसताना फुलं भरमसाठ धरली की फळ आठवडेच्या आठवडे हिरवं लटकतं, झाड थकतं, मिस्टी नावाच्या जुन्या वाणाची हीच बोंब होती, फुलं इतकी की पानं मागे पडायची आणि छाटणी नीट केली नाही तर झाड खंगायचं. उलट पान आधी आलं की उशिरा फुललेलं झाडसुद्धा लवकर फुललेल्याला गाठू शकतं. म्हणजे आम्हाला हवं होतं ते उशिरा फुलून लवकर पिकणारं झाड, आणि माझ्या शीटवर मी मात्र लवकर फुलणाऱ्यांच्या मागे होतो कारण शीटवर रकानाच तसा होता. तो रकाना आता बदललाय, फुलाची तारीख, पानाची तारीख आणि पहिल्या पिकलेल्या फळाची तारीख असे तीन.

त्या ब्लॉकमधून त्या वर्षी फीत फार थोड्या झाडांना मिळाली. एरवी एप्रिलमध्ये बॉस ओळीतून चालतो, झाडामागे काही सेकंद, एक फळ तोंडात, एक नजर, पुढं. त्या वर्षी बहुतेक झाडांवर खायलाच काही नव्हतं. काही लोकांना हे क्रूर वाटतं, आणि एका सहकाऱ्याने तर वर्षभराची मेहनत वाया घालवली असं तोंडावर म्हटलं. मला आता तसं वाटत नाही. शेतकऱ्याकडे दर वर्षी पंप चालतोच असं नाही, डिझेल संपतं, माणूस झोपतो, आणि आपण जो वाण देणार तो तिथं पंधरा वर्षं उभा राहणार असतो. त्याला एक वाईट रात्र आमच्याकडेच दाखवलेली बरी.

ते फीत बांधलेलं झाड पिकलं ते चाचणीतल्या जिवंत राहिलेल्या लवकरच्या झाडांच्या अगदी मागोमाग. चव चांगली, आंबट-गोड दोन्ही, देठाकडे छान मेणाची पांढुरकी साय. त्याच्या कोवळ्या फांद्यांची कलमं केली, पुढच्या टप्प्यात लावली, आणि तिथं त्याचं घोडं अडलं. तोडताना देठ सुटतो त्या जागेला आम्ही स्कार म्हणतो, तो लहान आणि कोरडा लागतो. याचा फाटतो, साल ओढून निघते, रस येतो, आणि असं फळ डब्यात चार दिवसांत बुरशी धरतं. दुकानापर्यंतच्या प्रवासात ते चालायचं नाही. बॉसने दोन हंगाम बघितलं आणि वाण म्हणून नाव कापलं. मी जरा भांडलो, उपयोग झाला नाही, आणि खरं तर त्याचंच बरोबर होतं.

पण पेरेंट म्हणून ते राहिलं. गेल्या जानेवारीत ग्रीनहाऊसमध्ये त्याचे परागकण एका कडक फळाच्या, कोरड्या स्कारच्या सिलेक्शनवर, म्हणजे निवडलेल्या झाडावर, टेकवले, नखावर टिचकी मारूनच. बी धरलं, उगवण चांगली आहे, रोपं सध्या ट्रेमध्ये बोटाएवढी झालीत. शेतात जाऊन फळ दाखवायला त्यांना अजून वेळ आहे, आणि क्रॉसपासून नावानिशी वाण निघायला दहा-बारा वर्षं हा हिशोब धरला तर काकांना चव बघायला मिळेल तेव्हा बहुतेक मीच निफाडला परतलेलो असेन.