बटाट्याचं बारसं

बारशाला पाळण्याखालून बाळ देता-घेताना ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असा गजर चालतो, पण शेवटी आत्या कानात कुर्र करून सांगते ते नाव एकच असतं. युरोपात बटाट्याच्या बारशाला इतक्या आत्या जमल्या की कुणी कुणाचं ऐकलंच नाही. खरं तर हे बाळ स्वतःचं नाव घेऊनच आलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगरांत क्वेचुआ बोलणारी माणसं त्याला ‘पापा’ म्हणत, आजही म्हणतात.

घोळ घातला स्पॅनिश खलाशांनी. कॅरिबियन बेटांवर त्यांची आधी गाठ पडली रताळ्याशी, आणि तिथल्या तायनो लोकांच्या भाषेत रताळ्याचं नाव होतं ‘बटाटा’. पुढे पेरूच्या त्या डोंगरांत, अँडीजमध्ये, ‘पापा’ भेटला. दोघेही जमिनीखालचे, दोघेही उकडून खायचे. बोलता बोलता नावांची सरमिसळ झाली आणि स्पेनमध्ये ‘पताता’ रुजला. इंग्रजांचा ‘पोटॅटो’ही याच गोंधळातला. कॅनरी बेटांवर आणि लॅटिन अमेरिकेत मात्र ‘पापा’ टिकून आहे. स्पॅनिशमध्ये ‘ला पापा’ म्हणजे बटाटा आणि ‘एल पापा’ म्हणजे पोप. लिंग चुकलं तर धर्मगुरू थेट रश्श्यात.

लंडनच्या जॉन जेरार्डने १५९७ साली वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ छापला. त्यातल्या आपल्या चित्रात तो ऐटीत बटाट्याचं फूल हातात धरून बसला आहे. आत मात्र रताळ्याला नुसतं ‘पोटॅटो’ म्हटलंय आणि बटाट्याला ‘व्हर्जिनियाचा पोटॅटो’. व्हर्जिनियाशी बटाट्याचं काहीएक नातं नव्हतं. इंग्रजांची वसाहत तिकडे होती, एवढंच.

मला सगळ्यांत जास्त मोह पडतो तो बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटस संग्रहालयातल्या एका जलरंगातल्या चित्राचा. त्यात बटाट्याचं अख्खं झाड आहे, पानं, फुलं आणि मुळाशी कंद. कडेला लॅटिनमध्ये टिपण आहे : ‘तारातूफ्ली’, फिलिप द सिव्री यांच्याकडून व्हिएन्नात मिळालं, २६ जानेवारी १५८८, पेरूचा पापा. हा कंद पोचला होता कार्लुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे. म्हणजे मूळ नाव त्या कागदावर होतं बरं का! तरी चाललं ते दुसरंच. तारातूफ्ली म्हणजे इटालियन लोकांचं छोटं ट्रफल. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी एक बुरशी, कुत्र्या-डुकरांना हुंगायला लावून शोधायची आणि मग सोन्याच्या भावाने विकायची. मातीतून गोल गोल काहीतरी निघालं म्हणून इटालियनांनी बटाट्यालाही तेच म्हटलं. जर्मनांनी त्याचा ‘कार्टोफेल’ केला, तो रशियापासून आइसलँडपर्यंत पसरला. बाजारातल्या सगळ्यांत स्वस्त भाजीला सगळ्यांत महागड्या पदार्थाचं नाव. जर्मनीतल्या पॉट्सडॅमला फ्रेडरिक राजाच्या समाधीवर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात. १७५६ साली त्याने बटाटा लावायचा हुकूमच काढला होता.

फ्रेंचांनी, डचांनी आणि व्हिएन्नावाल्यांनी सफरचंद गाठलं. जमिनीतलं सफरचंद : ‘पोम द तेर’, ‘आर्डापल’, ‘एर्डआप्फेल’. पॅरिसमधले ‘पोम फ्रीत’ शब्दशः घेतले तर तळलेली सफरचंदं होतात. हे ऐकून हसू येतं खरं, पण नवा बटाटा अंगठ्याने घासून बघा. पापुद्र्यासारखी साल निघते, आतून फिकट, ओला, करकरीत. कापला तर सुरीला चिकाचा पांढरा ओघळ येतो, तेवढं एक सोडलं तर नावं ठेवायला जागा नाही. शिवाय त्या काळी ‘सफरचंद’ हा शब्द कुठल्याही गोल फळाला चालायचा, आणि एकट्या फळालाच नव्हे. नूर्नबर्गमध्ये १४९२च्या सुमाराचा, मार्टिन बेहाइमने करवून घेतलेला पृथ्वीचा गोल आहे. आजवर टिकलेल्या गोलांत सर्वांत जुना. त्याचं नाव ‘एर्डआप्फेल’. कोलंबस परतायच्या आत तो घडला, त्यामुळे त्यावर अमेरिका नाही. नाव बटाट्याचं, आणि बटाट्याचा देश गायब!

चेक लोकांनी फळाबिळाच्या भानगडीत न पडता ‘ब्रांबोर’ म्हटलं, म्हणजे जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गहून आलेला. तिकडे बाल्कनात ‘क्रोम्पिर’ आहे, त्याच्या मुळाशी जर्मन बोलीतली ‘जमिनीतली नाशपाती’. स्वीडिश लोकही एके काळी तसंच म्हणत. त्यातला नाशपातीचा ‘पॅरॉन’ फिनलंडने उचलला आणि बटाटा झाला ‘पेरुना’. फिनिश बटाट्यात पेरू देशाचं नाव दिसतं आणि तो देश बटाट्याचं माहेरही आहे, पण दोघांचा संबंध शून्य. पोर्तुगीजमध्येही नाशपातीला ‘पेरा’ म्हणतात. गोव्यात पेरूच्या फळाला ‘पेर’ आणि त्याच्या वड्यांना ‘पेराद’ म्हणतात, तेव्हा हा पाहुणा इकडे कुठल्या गलबतातून आला असेल ते समजून घ्या.

आपला बटाटा त्याच पोर्तुगिजांकडून आला, नावासकट. म्हणजे मुळात रताळ्याचं नाव. मग रताळ्याचं काय? ते रताळंही अमेरिकेचंच, आणि त्यालाही आपण उसनं नाव दिलेलं दिसतं. गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे उंधियूत घालतात ते जांभळं कोनफळ. असे हे दोघे तोतये एकादशीला एकाच ताटात मानाने बसतात. बटाट्याच्याच भावकीतलं, पिढ्यान्‌पिढ्या इथं राबणारं वांगं मात्र उपवासाला चालत नाही. हा अन्याय मला अजून कुणी पटवून दिलेला नाही.

शेजारच्या श्रीलंकेत डच मुक्काम करून होते, म्हणून सिंहलीत बटाट्याला ‘अर्तापल्’ म्हणतात. तेच मुंबईत आधी उतरले असते, तर गाडीवर आपण ‘दोन आर्डापलवडे, गरम बघून’ असं सांगितलं असतं. वड्यातल्या मिरचीपुरते मात्र तेव्हाही ती आणणारे पोर्तुगीजच लागले असते.