केळकर संग्रहालयात: अडकित्ते, वज्र्या आणि थोडी मस्तानी

पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बहुतेक मंडळी मस्तानी महाल बघायला येतात. मी मात्र अडकित्त्यांच्या कपाटापाशीच रेंगाळले.

सुपारी कातरायला लागतं काय? दोन दांड्या, एक पातं, एक खीळ. पण इथे कुठे पितळेचा पोपट झालाय, कुठे घोडेस्वार, तर कुठे एकमेकांना बिलगलेलं जोडपं. पानाच्या तबकातला हा चावटपणा घरातल्या वडीलधाऱ्यांनी कसा चालवून घेतला असेल, देव जाणे!

त्याहून मला आवडल्या वज्र्या. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची ही वस्तू. खालची बाजू आडव्या-उभ्या रेघा मारून खरखरीत केलेली, वर मोर नाहीतर हत्ती. काही वज्र्या आतून पोकळ असतात आणि पोटात खडे असतात, म्हणजे टाच घासताना त्या खुळखुळणार. न्हाणीघराच्या अंधारात, मळ काढायच्या कामाला एवढा थाट! बघणारं कोण होतं तिथे? जी घासत होती, तीच.

हे सगळं जमवलं डॉ. दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०). 'अज्ञातवासी' नावाने कविता करणाऱ्या या माणसाने साधारण १९२० पासून दिवे, दारं, भांडी, वाद्यं गोळा करायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, संग्रहालयाला नाव त्याचं. १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तलवारी आणि दागिने कुणीही जपून ठेवतं हो. कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला कुंकवाचा करंडा किंवा लामणदिवा पैसे मोजून घरी आणायला वेगळंच वेड लागतं.

मस्तानी महालही पाहिला. कोथरूडहून अवशेष आणून तो इथे उभारलाय. बाजीराव रस्त्यापासून चार पावलांवर मस्तानीचा महाल, हे पुण्यालाच जमायचं! लाकूडकाम आणि झुंबरं देखणी आहेत, पण त्या दालनात गर्दी हटत नाही. सकाळी दार उघडताच आलात तर आधी तोच उरकून घ्या आणि उरलेला वेळ अडकित्त्यांना द्या.