ताबा दिल्यानंतरचं

मंगळवार, रात्र

अटकेवरचा प्रश्न आज लिहून झाला. इग्नूचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा करतोय. बीए नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून काढलं होतं, पुस्तकं ट्रंकेत आणि अभ्यास सुट्टीत. आता पेन्शनीत वेळ भरपूर, पण पोरगी बारावीला आणि घरात टेबल एकच. हिनं दोघांच्या वेळा लावून दिल्यात. रात्री नऊनंतर टेबल माझं.

फौजेतले बरोबरचे बहुतेक जण आता बँकेच्या नाहीतर कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला उभे आहेत. ते विचारतात, या वयात हे कशाला? खरं कारण काश्मीरमधल्या कुपवाड्यातलं आहे. राष्ट्रीय रायफल्स या फौजेच्या दहशतवादविरोधी दलात असताना कॉर्डनमध्ये, म्हणजे घातलेल्या वेढ्यात, कुणी हाती लागला, की माणूस, सापडलेली हत्यारं आणि एक कागद घेऊन जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. फौजेला विशेष अधिकार देणारा अफ्स्पा कायदाच तसं सांगतो, शक्य तितक्या लवकर ताबा द्या. ठाण्यातल्या मुन्शीची सही झाली की आमची जिप्सी परत. त्या माणसाचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी गस्त असायची.

आता त्या सहीच्या पुढचं वाचतोय. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढं हजर करायचं, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 58. झडती-जप्तीचं चित्रीकरण, कलम 105, मोबाईलवर केलेलंही चालतं. मुद्देमाल कुणी सील केला, कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला, यात एक नोंद जरी राहून गेली तरी बचावाचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवणार. हे मला लगेच पटलं. कोतमधून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, रायफल निघाली की तिच्या दस्त्यावरचा बट नंबर रजिस्टरला चढल्याशिवाय आम्ही पाऊल उचलत नसू.

कलमांचे आकडे मात्र डोकं फिरवतात. 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत खुनाला 103, फसवणुकीला 318. पारावर अजून जुनं 302 आणि 420च चालतं. दुरुस्ती केली तर म्हणतात, "फौजी, तुमचं पुस्तक चुकलंय."

26/11चा खटलाही वाचला. तुकाराम ओंबळे आमच्याच सातारा जिल्ह्यातले, केडंबे गावचे, पोलिसात यायच्या आधी फौजेतले. त्यांनी रायफल सोडली नाही म्हणून कसाब जिवंत सापडला, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. वर्दीत असतो तर हे वाचून चिडलो असतो. आज वाटतं, पुरावा असा तोलून घेतला म्हणूनच कसाबच्या फाशीकडं कुणाला बोट दाखवता आलं नाही.

पुढचा प्रश्न जामिनाचा. त्यातलं बरंच अजून गळी उतरत नाही. रविवारी समुपदेशन वर्ग आहे, सरांशी भांडून घेईन.